तीन पर्याय असले की हात वर करायला लावू नका: गटात, मंडळात, गावात मत कसं घ्यायचं

आमचा शेतकरी गट ४१ जणांचा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही कारण गटातले सगळे हे वाचणार आणि मंग मलाच ऐकवणार. दोन वर्षांआधी गटाच्या खात्यात बऱ्यापैकी पैसे जमले, काय घ्यायचं त्याच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात मीटिंग बसली. तीन गोष्टी निघाल्या. सोयाबीनवाले म्हणे थ्रेशर घ्या, भाड्याच्या थ्रेशरचा नंबर येईस्तोवर ढिगावर पाऊस पडते. कापूसवाले म्हणे शेड बांधा, भावाची वाट पाहात कापूस घरातच भरून ठेवावा लागते, झोपायच्या खोलीत छताला टेकलेली गंजी आणि लेकरं रात्रभर अंग खाजवत पडलेली. आणि नाल्याकडच्या शेतवाल्यांना झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला करंटचा झटका देणारी, पाहिजे होती, रानडुकरं एका रात्रीत काय करून ठेवतात ते ज्याचं शेत तिकडं आहे त्यालाच माहीत.

हात वर करा म्हटलं. थ्रेशर १६, शेड १४, झटका ११. अध्यक्ष म्हणे झालं, थ्रेशर. रजिस्टरवर सह्या सुरू झाल्या तेवढ्यात मागून एक काकाजी उठले, "सोळा जनाईचं आयकलं, बाकीच्या पंचवीस जनाईचं काय?" सगळे हसले. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना, कारण हिशोब बरोबर होता ना, ४१ पैकी २५ जणांनी थ्रेशरला हात वर केलाच नव्हता.

तर ही जी पद्धत आहे, एक माणूस एक मत, ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला मंग अर्धे लोक विरोधात असले तरी चालते, हीच आपल्या लोकसभेला आहे, विधानसभेला आहे, झेडपीला आहे, सरपंचाला आहे. दोनच पर्याय असतील तर हिच्यात काही वाईट नाही, उलट याच्याहून सोपं काही नाही. गडबड तिसरा आला की सुरू होते. अकोल्याची २०२४ ची लोकसभा आठवा, जिंकणाऱ्याला साडेचार लाखांच्या वर मतं, दुसऱ्याला सव्वाचार लाखांच्या आत, तिसऱ्याला पावणेतीन लाखांच्या वर. म्हणजे जिंकणारा ४० टक्क्यांच्या आतच होता. तिसऱ्याची मतं कुठं गेली असती याच्यावर चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात आणि मी त्याच्यात पडत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की मतपेटीला ते विचारलेलंच नव्हतं. मशीनला फक्त तुमचा एक नंबर कळते, दुसऱ्या नंबरवर तुम्हाला कोण चालला असता ते कळतच नाही.

आणि मतं फोडणारे याच्यावरच तर जगतात. सरपंचकीला समोरच्याच्या भावकीतला एकजण उभा करायचा, नाहीतर त्याच नावाचा दुसरा माणूस शोधून आणायचा, पन्नास-साठ मतं खाल्ली की काम झालं. सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला आलं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला परत आलं, तेव्हापासून तर हे धंदे जास्तच.

आता कामाचं सांगतो. आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, सरकारी निवडणुकीत तुम्ही काही बदल करू शकत नाही. ग्रामपंचायत, झेडपी, सेवा सहकारी सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, यांना कायदा आणि उपविधी आहेत, तिथं जे लिहिलं तेच. पण बचत गटानं काय घ्यायचं, गणेश मंडळाचा अध्यक्ष कोण, सप्त्याला कीर्तनकार कोणते बोलवायचे, हे सगळं तुमच्या हातात आहे. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे आपल्याच पॅनलमधून सरपंचकीला तिघं तयार बसले असतील तर त्यातला कोण, हे अर्ज भरायच्या आधी आपसात ठरवता येते, तिथं तर ही पद्धत नक्की वापरा कारण तिथं चुकलं की पुढची पाच वर्षं भोगावी लागते.

मत घ्यायची गरज आहे का ते बघा

गडचिरोलीत धानोऱ्याकडं मेंढा-लेखा नावाचं गोंड लोकांचं गाव आहे, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून आपला बांबू ते स्वतः विकू लागले. तिथं ग्रामसभेत बहुमतानं ठरवतच नाहीत, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बोलतात, नाही झालं तर विषय पुढच्या सभेला. भारी गोष्ट आहे, पण त्याला वेळ लागते आणि ऐकून घ्यायची सवय लागते, आमच्या गटात तर दुसऱ्या तासाला अर्धे लोक मोटर बंद करायला निघून जातात. तरी पैशाचा मोठा विषय असेल तर पहिल्या मीटिंगला मत घेऊच नका, नुसतं बोलू द्या, अर्ध्या वेळा तिथंच मिटते.

फक्त एकमत आणि दबाव याच्यात फरक आहे बरं का. बिनविरोधच्या नावावर काय काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, सरपंचपदाचा लिलाव केला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं २०२१ ला नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती.

चालते त्या सगळ्याला खूण

तीन किंवा जास्त पर्याय आहेत आणि एकच निवडायचा आहे, तर माझ्या मते सगळ्यात सोपी आणि गावात खपणारी पद्धत ही. चिठ्ठीवर सगळे पर्याय लिहा आणि सांगा, जे जे तुम्हाला चालते त्याच्यापुढं बरोबरची खूण करा, एकाला करा, दोघांना करा, काही बंधन नाही. ज्याला जास्त खुणा तो जिंकला. बस. मोजायला फळ्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, शाळेतलं पोरगंही करते.

यानं होते काय की नाल्याकडच्या माणसाला झटका मशीनही मागता येते आणि शेडलाही हो म्हणता येते, त्याला "माझं मत वाया जाईल का" हा विचारच करावा लागत नाही. डमी उभा करायचा फायदाही निघून जाते, कारण डमीला खूण दिली म्हणून खऱ्याची खूण कमी होत नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटा म्हणून गहू-सोयाबीनवाला भाग आहे, तिथल्या फार्गो शहरानं २०१८ ला मत घेऊन ही पद्धत आणली आणि २०२० ला पहिल्यांदा नगरसेवक असे निवडले. अभ्यास करणाऱ्यांनी त्याच्या आधीच, १९७८ च्या आसपास, याच्यावर लिहून ठेवलं होतं.

खोट काय आहे तेही सांगतो. सगळ्यांनी ठरवून फक्त आपल्याच एकाला खूण केली तर गाडी परत जुन्याच जागेवर. अध्यक्षपदासारखी खुर्ची असली की लोक असं करतातच, म्हणून ही पद्धत मला वस्तू, जागा, तारीख ठरवायला जास्त आवडते आणि माणूस निवडायला थोडी कमी. आणि एक नियम याच्यात जोडून द्या, जिंकणाऱ्याला निम्म्याहून कमी लोकांची खूण असेल तर यावर्षी काहीच घ्यायचं नाही, पैसे खात्यात राहू द्या. "नोटा"ला आपल्याकडं नखं नाहीत म्हणतात ना, तर गटात तुम्ही ती लावू शकता.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दाणे

आमच्याकडं ४१ पैकी सात-आठ म्हातारी माणसं चिठ्ठी वाचू शकत नाहीत, आणि दुसऱ्याकडून खूण करून घेतली की गुप्त काय राहिलं. पहिल्यांदा आम्ही तीन डबे ठेवले आणि प्रत्येकाला तुरीचे तीन दाणे दिले, जे चालते त्या डब्यात एक दाणा टाका. लगेच एकानं विचारलं, तिन्ही दाणे एकाच डब्यात टाकले तर? हो ना, कोण बघते आत.

मंग हे जमलं. प्रत्येक पर्यायाचा दाणा वेगळा. थ्रेशर असला तर सोयाबीन, शेडची सरकी, झटका मशीनचा मका कारण डुकरं मक्यावरच येतात, हे लक्षात ठेवायला कोणाला सांगावंच लागलं नाही. प्रत्येकाच्या हातावर तिन्ही प्रकारचा एक-एक दाणा द्यायचा. वर्गात आड लावून दोन डबे ठेवायचे, एक "हो" एक "नाही". जे चालते ते दाणे हो मध्ये, बाकीचे नाही मध्ये, हात रिकामा करूनच बाहेर यायचं. आता एका पर्यायाला दोनदा देताच येत नाही कारण दाणा एकच आहे. शेवटी हो चा डबा सुपात ओता, तीन ढीग करा, मोजा. आणि ताळा पण लागते, हो मधली सरकी अधिक नाही मधली सरकी बरोबर ४१ यायलाच पाहिजे. आमचं ४० आलं होतं, अर्धा तास शोधाशोध, शेवटी एका बुढ्याच्या बंडीच्या खिशात दाणा सापडला.

डब्याच्या तळाशी फडकं टाकून ठेवा. नाहीतर रिकाम्या डब्यात दाणा पडला की टण्णकन वाजते आणि बाहेर बसलेले कान लावून मोजतात, खोटं नाही सांगत.

गुप्त कशाला पाहिजे असं कोणी म्हटलं तर त्याला हात वर करायच्या मीटिंगला नेऊन बसवा. आमच्या गटात ज्याच्याकडून निम्मे लोक हातउसने घेतात असा एक माणूस आहे. हात वर करा म्हटलं की आधी बारा-पंधरा माना त्याच्याकडं वळतात. बायांचं तर विचारूच नका, सासरा समोर बसलेला असताना कोणती सून त्याच्या उलट हात वर करेल.

पसंतीक्रम: १, २, ३

माणूस निवडायचा असेल, आणि लोकांची मतं पक्की असतील, तर ही पद्धत घ्या. गावात कोणी मास्तर किंवा पदवीधर मतदार असेल तर त्याला ही माहीत आहे, विधान परिषदेला अमरावती नाहीतर नागपूर पदवीधर, शिक्षक मतदारसंघात अशीच मतं देतात, आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केच पेननं नावापुढं १, २, ३ लिहायचं, बरोबरची खूण केली की मत बाद. २०२३ ला अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती, कारण एकेक उमेदवार बाद करत त्याची मतं वाटत बसावं लागते. राष्ट्रपती पण असेच निवडतात. १९६९ ला काय झालं होतं बघा, पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १,१२,७६९. जिंकायला पाहिजे होते ४,१८,१६९, कोणाकडंच नाही. मंग खालचे बाद करत दुसऱ्या पसंत्या वाटल्या, शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीतलं जास्त माप रेड्डींकडं गेलं तरी गिरी थोडक्यात निघाले.

गावात मोजायचं असेल तर सतरंजी अंथरा. आमचंच उदाहरण घ्या, थ्रेशर ठरल्यावर आठ दिवसांनी मी हट्टानं सगळ्यांकडून १, २, ३ लिहून चिठ्ठ्या घेतल्या. निकाल बदलायला नाही हं, हे आधीच सांगितलं होतं, नुसतं बघायला. पहिल्या पसंतीवरून तीन गठ्ठे केले, तेच १६, १४, ११. निम्म्याहून जास्त म्हणजे २१ पाहिजे, कोणाकडंच नाही. सगळ्यात छोटा गठ्ठा झटका मशीनचा, तो उचला आणि प्रत्येक चिठ्ठीवर २ कुठं आहे ते बघून त्या गठ्ठ्यावर ठेवा. ११ पैकी ९ शेडकडं गेल्या, २ थ्रेशरकडं. शेड २३, थ्रेशर १८. म्हणजे पद्धत बदलली की निकालच बदलला, माणसं तीच, मनं तीच.

याच्याहून मजा पुढं आहे. त्याच चिठ्ठ्या घेऊन मी दोघा-दोघांच्या कुस्त्या लावल्या, चिठ्ठीवर वर कोण आहे तेवढंच बघायचं. शेड विरुद्ध थ्रेशर, २३-१८. शेड विरुद्ध झटका, २४-१७. आणि झटका विरुद्ध थ्रेशर, २२-१९. बघा बरं, हात वर करून जिंकलेला थ्रेशर समोरासमोर दोघांकडूनही हरत होता! कारण साधं आहे, सोयाबीनवाले सगळे एका जागी आणि बाकीचे दोन जागी वाटले गेले. जो प्रत्येकाला समोरासमोर हरवते तोच खरा पैलवान, हे फ्रान्सच्या कॉन्डोर्सेनं १७८५ मध्येच लिहून ठेवलं आहे. त्याच सुमाराला बोर्डा नावाचा दुसरा एक फ्रेंच गणिती नंबराला गुण देत होता, पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. आमच्या चिठ्ठ्यांवर तसं केलं तर शेड ४७, झटका ३९, थ्रेशर ३७. गुणांची पद्धत मात्र गावात वापरू नका, खरा स्पर्धक जो असेल त्याला लोक मुद्दाम शेवटचा नंबर देतात आणि ज्याला कोणीच विचारत नाही तो मधल्या मधी गुण खाऊन वर येते.

ही १, २, ३ ची पद्धत शेतकऱ्यांच्या भांडणातूनच एका देशात आली, हे वाचून मला लय बरं वाटलं. ऑस्ट्रेलियात १९१८ ला स्वान नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, शेतकऱ्यांचा उमेदवार आणि सरकारी पक्षाचा उमेदवार दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि लेबर पक्षाचा २२ वर्षांचा पोरगा एकतृतीयांशाच्या थोड्या वर मतं घेऊन निवडून आला. सरकार घाबरलं, त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा केला, तो आजपर्यंत चालू आहे. आता त्यांनी स्वतःच्या सोयीसाठीच केला हे उघड आहे, पण निवडणुकीचे नियम दुसऱ्या कशासाठी कोणी बदलते का. शेजारी श्रीलंकेत पण राष्ट्राध्यक्षाला तीन पसंत्या देता येतात, २०२४ ला पहिल्यांदाच तिथं दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजावं लागलं.

एक धोका लक्षात ठेवा. सगळ्यांना चालणारा, पण कोणाचाच पहिला नाही, असा माणूस याच्यात सुरुवातीलाच बाद होऊ शकते. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनला २००९ च्या महापौराच्या निवडणुकीत तसंच झालं, जो बाकी दोघांनाही समोरासमोर हरवत होता तोच तिसऱ्या नंबरवर म्हणून आधी उडाला, पुढच्याच वर्षी लोकांनी ती पद्धत काढून टाकली. म्हणून चिठ्ठ्या १, २, ३ च्या घेतल्या असतील आणि पर्याय तीन-चारच असतील तर कुस्त्या लावूनच मोजा, तासाभराचं काम आहे.

फ्रान्ससारखी दोन फेऱ्यांची पद्धतही आहे, पहिल्या फेरीतले वरचे दोघं परत लढतात. गावात ती नको, दुसऱ्या फेरीला निम्मे लोक येत नाहीत आणि मधल्या आठ दिवसांत कोंबड्या-बाटल्या चालू होतात. आणि ती पण फसते, २००२ ला तिथं १६ उमेदवार होते, पंतप्रधान जोस्पँ पहिल्याच फेरीत तिसरे येऊन बाहेर झाले, आणि शिराक पहिल्या फेरीत २० टक्केही नसताना दुसऱ्या फेरीत ८२ टक्क्यांनी निवडून आले.

एकापेक्षा जास्त माणसं निवडायची असतील तर

कार्यकारिणीचे पाच जण निवडायचे आहेत आणि प्रत्येकाला पाच मतं दिली, तर २१ जणांचा गट पाचही आपलेच आणते आणि उरलेल्या २० जणांचा एकही नाही. पॅनल टू पॅनल म्हणतात ते हेच. सोपा उपाय, जागा पाच असल्या तरी प्रत्येकाला मत एकच द्या आणि वरचे पाच घ्या, २० जणांचा गट शहाणपणानं वागला तर दोन तरी बसतातच. अजून नीट पाहिजे असेल तर १, २, ३ घ्या आणि कोटा काढा, जागांच्या आकड्यात एक मिळवा, त्यानं एकूण मतांना भागा, बाकी सोडा, आलेल्या उत्तरात परत एक मिळवा. ४१ भागिले ६, सहा, अधिक एक, सात. ज्याच्या गठ्ठ्यात सात चिठ्ठ्या तो बसला, वरच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला. राज्यसभेला याच जातीचं गणित असते. पण खरं सांगू, वरच्या चिठ्ठ्या कोणत्या उचलायच्या याच्यावर भांडण होते, गटात एक मतवालं पुरे.

जास्त मतं हातात दिली की "मत कुजवणं" पण येते. भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक, तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मतं. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे, सर्वसाधारण जागेवर मित्रपक्षाचे अशोक मेहता. कार्यकर्ते म्हणत होते आपल्या लोकांना सांगू की एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरं कुजवा, म्हणजे दुसऱ्या कोणाची बेरीज वाढायला नको. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. दोन जागांचे असे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं संपले, पण ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन-तीन बटणं दाबताना "फक्त आपलंच दाबजो, बाकी सोड" हे अजूनही कानात सांगतात ना, ते तेच.

सगळ्यात चांगली पद्धत कोणती असं विचाराल तर, केनेथ ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये गणितानं सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्यायांना नंबर लावायच्या कोणत्याच पद्धतीत सगळे चांगले गुण एकत्र येत नाहीत, त्याला १९७२ ला नोबेलही मिळालं. तेव्हा कोणी म्हटलं की तुझ्या पद्धतीत अमुक खोट आहे तर हो म्हणा आणि पुढं चला. हात वर करण्यापेक्षा कमी खोट आहे एवढं पुरते.

नियम आधी, मत नंतर

हे मी शेवटी लिहितो आहे पण करायचं सगळ्यात आधी. त्या दिवशी चिठ्ठ्यांत शेड २३ निघाल्यावर कापूसवाल्यांनी गोंधळ सुरू केला, थ्रेशर रद्द करा, बयाणा अजून दिला नाही. सोयाबीनवाले म्हणे "हरले म्हून आता पद्धत बदलाले निघाले काय?" आणि ते बरोबर होते. ज्या नियमानं मत घेतलं त्याच नियमानं निकाल, नंतर कितीही शहाणपण सुचलं तरी. थ्रेशरच आला. पहिल्या वर्षी पंधरा-वीस जणांच्या कामी पडला, बाकी दिवस ताडपत्री पांघरून समाजमंदिराच्या मागं उभा, आणि माझ्या घरात कापसाची गंजी होतीच.

मागच्या वर्षी परत पैसे जमले तेव्हा पर्याय यायच्याही आधी रजिस्टरवर ठराव लिहून घेतला. उतरवून घ्या पाहिजे तर: "गटाच्या पैशातून काय घ्यायचे हे गुप्त मतदानाने ठरेल. प्रत्येक सभासद चालेल त्या सर्व पर्यायांना हो म्हणू शकेल. सर्वात जास्त होकार ज्याला तो पर्याय घेतला जाईल, मात्र होकार एकूण उपस्थितांच्या निम्म्याहून जास्त हवेत. बरोबरी झाल्यास ईश्वरचिठ्ठी. एका पर्यायासाठी दोन सूचक लागतील. निकालानंतर त्याच विषयावर वर्षभर फेरमतदान नाही." दोन सूचकांची अट विसरू नका, नाहीतर बारा पर्याय येतात, आमच्याकडं एकानं मंडपाचा डीजे सुचवला होता. ईश्वरचिठ्ठीसाठी शाळेतलं लहान लेकरू बोलवा, मोठ्या माणसाच्या हातावर कोणी विश्वास ठेवत नाही.

यावेळी शेड, झटका मशीन आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल असे तीन होते. दालमिलला तुरीचा दाणा दिला. सरकी २९ निघाली, मका २२, तूर १९. शेड झालं, या दिवाळीला कापूस तिथंच पडला.

मोजलेल्या चिठ्ठ्या आणि दाणे पुढच्या मीटिंगपर्यंत डब्यात बंद करून दोन वेगवेगळ्या गटांच्या माणसांच्या सह्या चिकटवून ठेवा. माझ्याकडं तर पहिल्या वेळच्या ४१ चिठ्ठ्या अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत. थ्रेशरवाल्यांपैकी एक भाऊ दोनदा येऊन मोजून गेला आहे, चहा घेते, सतरंजीवर गठ्ठे लावते, झटक्याचा गठ्ठा वाटते, आणि २३-१८ आले की म्हणते, "एखांदी चिठ्ठी इकडची तिकडं झाली असंन बाप्पा."